पत्रकं पुरे, माणसं द्या

आरोग्य शिबिराच्या उद्घाटनाला येणारा पाहुणा कुठल्याही पक्षाचा असो, एक वाक्य त्याच्या भाषणात हटकून येतं: "आपल्या लोकांमध्ये आरोग्याविषयी जागृतीच नाही." मग ठरलेली यादी. लोक दुखणं अंगावर काढतात, उशिरा येतात, गोळ्या अर्ध्यावर सोडतात, रस्त्यावरचं खातात, चालत नाहीत, आणि शेवटी इस्पितळात येऊन दंगा करतात. उपाय? जनजागृती. ती करायची कुणी? परिचारिकांनी, कारण "सिस्टर लोकांच्या जास्त जवळ असतात." टाळ्या. शाल, श्रीफळ. बारा मेला, परिचारिका दिनी, हेच भाषण गुलाबाच्या फुलासकट ऐकायला मिळतं. वर्तमानपत्रांतले लेखक तेच जरा शुद्ध भाषेत लिहितात आणि वातानुकूलित परिषदांमध्ये ते इंग्रजीत म्हटलं जातं.

मी लालबागची. वडील गिरणीत, आई खानावळ चालवायची. नोकरी एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात, तीही वॉर्डातली; म्हणजे उशिरा आलेली माणसं जिथून रोज दिसतात, त्या जागेवरची. तिथून सांगते की हे निदान चुकलेलं आहे. अपुरं आहे, थोडी भर घाला, इतकं सौम्य माझं म्हणणं नाही. लोकांना बहुतेक वेळा कळत असतं. कळलेलं अमलात आणायला जे हात, जो वेळ आणि जी सोय लागते, ती मिळत नाही. आणि ती देणं ज्यांचं काम आहे, त्यांना जागृती हा फार स्वस्त पर्याय सापडला आहे.

आधी जागेचाच विचार करा. भारतमाता सिनेमापासून पायी निघालात तर थोड्याच वेळात केईएम येतं. त्याच्या आसपास टाटा रुग्णालय, वाडियांची बायकांची आणि मुलांची अशी दोन रुग्णालयं, कामगार विम्याचं गांधी हॉस्पिटल, आणि पलीकडे हाफकिन संस्था. एका अंगाला शिवडीचं क्षयरोग रुग्णालय, दुसऱ्या अंगाला आर्थर रोडचं कस्तुरबा, साथीच्या रोगांचं. देशात फार थोड्या वस्त्यांच्या अंगणात एवढी इस्पितळं असतील. इथल्या चाळीत पावसाळ्यात प्लेटलेट किती झाल्या हे क्रिकेटच्या धावसंख्येसारखं विचारतात. चौथी शिकलेली बाई सांगते की तापात कुठलीही भलती वेदनाशामक गोळी घ्यायची नाही, फक्त पॅरासिटामॉल. गुडघाभर पाण्यातून आलेला पोरगा स्वतःहून विचारतो, "सिस्टर, लेप्टोची गोळी घ्यायची ना?" या माणसांना भित्तिपत्रक काय शिकवणार आहे?

आणि हे कळणं आजचं नाही. माझे वडील कार्डिंग खात्यात होते. तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती भरून येते, आठवडा सरताना जरा मोकळी होते आणि पुन्हा सुट्टीनंतर तेच. कापसाची धूळ फुफ्फुसात जाते म्हणून होतं, हेही ठाऊक होतं. वैद्यकात त्याला बिसिनोसिस म्हणतात आणि सुट्टीनंतरच्या दिवशीचं छाती आवळणं हीच त्याची खूण पुस्तकात दिलेली असते. कामगार ते पुस्तक न वाचता ओळखत होते. गूळ खाल्ला की कापूस खाली जातो या समजुतीने खिशात गुळाचा खडा ठेवत होते. आता कोणी म्हणेल, पाहा, गुळाचा खडा, हेच ते अज्ञान! पण खात्यात धूळ खेचून घेणारी यंत्रणा नीट बसवणं हे कामगाराच्या हातात नव्हतं. गुळाचा खडा तेवढा होता.

लोक उशिरा का येतात, याचं उत्तर मला दर आठवड्याला अ‍ॅडमिशनच्या वेळी मिळतं, कारण हिस्टरी आम्हीही ऐकतो. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या गेटवर बारा तास उभा राहणारा वॉचमन घ्या. एजन्सीचा माणूस. खाडा झाला की पगार कापला. पायाला जखम आहे, साखर आहे, दोन्ही त्याला माहीत आहे. ओपीडी सकाळची. केसपेपरच्या रांगेत पहिला दिवस. रक्त उपाशीपोटी द्यायचं, म्हणून दुसरा. रिपोर्ट दाखवायला तिसरा. सोनोग्राफी किंवा डॉपलर लिहिलं तर तारीख पुढची. म्हणजे निदान होईपर्यंतच त्याचे चार-पाच खाडे. तो हिशेब करतो आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे जातो, जो रात्री दहाला उघडा असतो, एक इंजेक्शन देतो आणि शंभर रुपयांत मोकळा करतो. जखम काळी पडली की तो आमच्याकडे येतो. मग राउंडला कोणीतरी म्हणतं, "इतके दिवस काय करत होतात?" तो गप्प बसतो. काय सांगणार, ड्युटी करत होतो?

माझ्या वडिलांच्या पिढीला निदान कामगार विम्याचं कार्ड होतं. आजारपणाची पगारी रजा होती, परळला त्यांचं इस्पितळ होतं. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि पुढे ज्यांची नोकरी गेली त्यांचं विम्याचं कार्डही गेलं, कारण तो विमा पगारातल्या वर्गणीवर चालतो. गिरणगावाच्या आरोग्यावर त्याचा काय परिणाम झाला, याची चर्चा गिरणीच्या जमिनीच्या चर्चेच्या शंभराव्या हिश्शाएवढीही झाली नाही. आजार तेच राहिले, माणसं तीच राहिली. रजा घेऊन डॉक्टरकडे जायची मुभा तेवढी गेली. या बदलाला जागृतीचा अभाव म्हणायचं असेल तर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

उलट उदाहरणही देते. 2 ऑक्टोबर 2022 पासून महापालिकेने ‘आपला दवाखाना’ सुरू केले आणि ते संध्याकाळी, रात्री दहापर्यंत उघडे ठेवले. त्या योजनेत उणिवा भरपूर आहेत. मनुष्यबळ बरंचसं कंत्राटी आहे आणि कंत्राटी माणूस आज आहे, उद्या नाही. पण कामावरून सुटलेली धुणीभांडीवाली रात्री आठला रक्तदाब मोजून घेते, हे मी पाहते. तिला कोणी जागृत केलं नाही. दवाखान्याचं दार तिच्या वेळेला उघडलं, एवढंच झालं.

‘अडाणी लोक’ हे निदान या शहरात सव्वाशे वर्षं जुनं आहे, आणि तेव्हाही ते चुकलं होतं. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पुढच्याच महिन्यात रुग्णांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचे हुकूम निघाले. 29 ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले, त्याच आवारावर जिथे आज कस्तुरबा आहे. इस्पितळात नेऊन मारतात, अशी अफवा होती. सरकारदरबारी त्याचं कारण लिहिलं गेलं ते अज्ञान आणि अंधश्रद्धा. पण कामगाराच्या जागी उभं राहून बघा. नेलेला माणूस बहुधा परत येत नव्हता, घरच्यांना जवळ जाता येत नव्हतं, मागे घरातलं सामान जाळलं जात होतं. अफवा खोटी होती, भीती खोटी नव्हती. पुढे निरनिराळ्या जातीजमातींनी आपापली प्लेग इस्पितळं काढली, तिथे आपली माणसं दिसायला लागली, आणि तेच ‘अडाणी’ लोक तिथे जाऊ लागले. वर्षाच्या आत त्यांची अक्कल वाढली असेल, असं मला वाटत नाही.

त्या साथीत नारायण मेघाजी लोखंडे, ज्यांनी गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली, रुग्णांची सेवा करता करता फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेगनेच गेले. महिन्याभराने, 10 मार्चला, पुण्यात सावित्रीबाई फुले गेल्या; मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घालून त्यांनी आपला मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात आणलं होतं. तीन जानेवारीला त्यांच्या फोटोला हार घालून आम्हाला ‘प्रबोधन करा’ सांगणारे हे विसरतात की त्या दिवशी त्या प्रबोधन करत नव्हत्या. पोराला उचलत होत्या.

आता कुणाला हे सगळं भावनिक वाटत असेल तर थंड डोक्याचा पुरावा परळमध्येच आहे. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा मोठा अभ्यास केला. बायकांचे दोन गट. एका गटाला सुरुवातीला एकदा कर्करोगाची माहिती दिली, लक्षणं सांगितली, कुठे जायचं ते सांगितलं. थोडक्यात, भाषणातला पाहुणा मागतो ती जनजागृती. दुसऱ्या गटाला माहिती दिलीच, शिवाय दर दोन वर्षांनी, असं चार वेळा, त्यांची तपासणी केली. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीच्या आसपास शिकलेल्या, काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. साधन म्हणजे चांगला उजेड आणि व्हिनेगरच्या जातीचं चार टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड, जे लावल्यावर बिघडलेला भाग पांढरा दिसतो. निकाल 2014 मध्ये प्रसिद्ध झाला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी.

प्रामाणिकपणे दोन गोष्टी नोंदवते. तपासणीच्या गटाला माहितीही चार वेळा मिळाली होती, दुसऱ्याला एकदाच. आणि दुसऱ्या गटाला तपासणीविना ठेवणं नैतिक होतं का, यावर नंतर बराच वाद झाला, तो व्हायलाच हवा होता. पण माझा मुद्दा त्याने हलत नाही, उलट त्या वादातूनच तो जास्त पक्का होतो. नुसती माहिती देणं हे काही न देण्याच्या इतकं जवळ आहे, हे ओळखूनच लोक रागावले होते. मग त्याच नुसत्या माहितीवर आपण अख्ख्या शहराचं आरोग्य धोरण उभं करतो, तेव्हा कुणालाच राग का येत नाही?

क्षयाचं तर विचारूच नका. ‘टीबी हारेगा, देश जीतेगा’ हे वाक्य आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर आहे. 2025 पर्यंत क्षय हटवायचा, अशी घोषणा 2018 मध्ये झाली. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं की एकही गोळी चुकवू नका. बरोबर आहे; गोळ्या मध्येच तुटल्या की जंतू औषधाला दाद देईनासा होतो, आणि मुंबईइतकं हे दुसऱ्या कुठल्या शहराने भोगलेलं नसेल. पण मार्च 2024 मध्ये देशभर क्षयाच्या औषधांचाच तुटवडा झाला. केंद्राने राज्यांना लिहून कळवलं की स्थानिक पातळीवर खरेदी करा, जमलं नाही तर रुग्णाने विकत घ्यावं आणि पैसे परत द्यावेत. त्या दिवसांत खिडकीवरून रिकाम्या हाताने परतणाऱ्या माणसाच्या डोक्यावर तेच पत्रक लटकत होतं. गोळी चुकवली कुणी? त्याच्यावर ‘डिफॉल्टर’ असा शिक्का मारायचा रिवाज आमच्या खात्यात वर्षानुवर्षं होता. सरकारचा साठा संपला तेव्हा तो शब्द कुणासाठी वापरला गेल्याचं मी ऐकलं नाही.

क्षयरुग्णाला पोषणासाठी महिना 500 रुपये मिळत, नोव्हेंबर 2024 पासून हजार झाले. चांगलं झालं, मी नावं ठेवत नाही. पण दिवसाला तेहतीस रुपये होतात आणि लालबागेत त्यात दोन वडापाव येतात, जे खाऊ नका असं आपण शिबिरात सांगतो. राहण्याच्या जागेचं तसंच. गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींचा अभ्यास 2018 मध्ये झाला, तेव्हा दिसलं की इमारती एकमेकींना इतक्या खेटून बांधल्या आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचत नाही, आणि क्षयाचं प्रमाण तिथे जास्त. खोकताना तोंडावर रुमाल धरा, हे त्या खोलीतल्या माणसाला सांगायला मला आज लाज वाटते.

आणि जागृतीच म्हणाल तर ती रुग्णांनी आम्हाला शिकवली आहे. मुंबईची पत्रकार नंदिता वेंकटेशन हिची श्रवणशक्ती क्षयाच्या उपचारातल्या कॅनामायसिनच्या इंजेक्शनांनी गेली. तिने आणि दक्षिण आफ्रिकेतल्या फुमेझा तिसिलेने, तीही याच इलाजात बहिरी झालेली, 2019 मध्ये बेडाक्विलिन या नव्या गोळीवरची कंपनीची मक्तेदारी लांबवणाऱ्या पेटंट अर्जाला भारतात आव्हान दिलं. मार्च 2023 मध्ये पेटंट कार्यालयाने जॉन्सन अँड जॉन्सनचा तो अर्ज फेटाळला. स्वस्त गोळीचा रस्ता दोन रुग्णांनी मोकळा केला. त्या दोघींना जागृतीचं व्याख्यान द्यायला कोणाला पाठवायचं?

आता ‘सिस्टर लोकांच्या जवळ असतात’ याकडे येते. किती जवळ, ते मोजता येतं. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयासाठी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा दंडक तीन खाटांमागे एक परिचारिका असा आहे. तीन पाळ्यांत वाटलं की एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक, शिवाय रजेसाठी तीस टक्के जादा. आमच्याकडे रात्री चाळीस खाटांचा वॉर्ड, जमिनीवरच्या गाद्या धरून पन्नास माणसं आणि आम्ही दोघी. आठ तास धरले तर एका रुग्णाच्या वाट्याला एकोणीस मिनिटं. त्यात इंजेक्शनं, सलाईन, ताप-बीपीची नोंद, ड्रेसिंग, नवीन अ‍ॅडमिशन, एखादा गंभीर झाला तर सगळं सोडून तिकडे, आणि वर रजिस्टरं, जी आता कागदावर एकदा आणि संगणकावर एकदा भरायची. सिस्टर खेकसतात, ही तक्रार मी नाकारत नाही. या एकोणीस मिनिटांतून प्रबोधन काढून दाखवा, एवढंच म्हणते.

प्रबोधन म्हणजे खरं काय असतं, तेही सांगते. इन्सुलिन चालू करून घरी सोडलेली एक काकी, काळाचौकीची. डिस्चार्ज कार्डावर स्वच्छ लिहिलेलं: सकाळी सोळा युनिट, रात्री आठ. काकी लिहायला-वाचायला येणारी, हिशेबाला पक्की. पंधरवड्यात साखर चारशेच्या वर घेऊन परत. केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलं की औषध नियमित घेत नाही. मी तिला म्हटलं, "काकी, कसं टोचता ते मला करून दाखवा." तिने पिशवीतून बाटली काढली, तळव्यांत हलकेच फिरवली, अगदी शिकवल्यासारखी, आणि सिरिंज काढली. टोपी नारिंगी. बाटली आपल्याकडे 40ची असते, तिला लाल टोपीची सिरिंज लागते. नारिंगी टोपीची 100ची. दुकानदाराने हाताला आली ती दिली होती. नारिंगी सिरिंजमध्ये सोळाच्या खुणेपर्यंत भरलं तरी अंगात जातात जेमतेम सहा-साडेसहा युनिट. बाई दोन वेळा, न चुकता, घड्याळ लावून टोचत होती. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, पण फ्रिज नव्हता, तर ओल्या वाळूवर मडकं ठेवून त्यात ठेवायची युक्ती तिने शेजारणीकडून मिळवली होती, आणि ती युक्ती बरोबर होती. चुकलं इतकंच की घरी जाताना तिच्यासमोर बसून, तिच्या हाताने एकदा भरून घ्यायला कुणाकडे वीस मिनिटं नव्हती. आणि केसपेपरवर दोष तिचा.

हे काम पत्रकाने होत नाही. व्हिडिओने होत नाही. मोबाइल अ‍ॅपने तर मुळीच नाही. त्याला शिकलेला, न घाईतला माणूस लागतो.

हात पुरेसे असले की काय होतं, याचा दाखला केईएममध्येच आहे आणि सगळा देश तो जाणतो. अरुणा शानबाग, तिथली परिचारिका. 27 नोव्हेंबर 1973 ला ड्युटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेली असताना तिच्यावर हल्ला झाला. 18 मे 2015 ला ती गेली. मधली बेचाळीस वर्षं तिथल्या परिचारिकांनी पिढ्यांमागून पिढ्या तिला सांभाळलं. 2011 मध्ये दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली तेव्हा तिला तपासलं गेलं, आणि इतकी वर्षं खाटेवर असूनही तिला बेडसोर नव्हते. बाहेरच्यांना याचा अर्थ चटकन कळत नाही. बेडसोर नसणं म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलणं, चादरीची सुरकुती काढणं, ओलं होताच कोरडं करणं, हाताने भरवणं. दिवसा आणि रात्री, दिवाळीत आणि गणपतीत. तिच्याविषयी भाषणं खूप झाली, करुणा, त्याग वगैरे. मला त्यात आमच्या धंद्याचं साधं गणित दिसतं. एका रुग्णाकडे लक्ष द्यायचं ठरवलं आणि माणसं लावली, तर जखम होत नाही. आणि हेही विसरू नका की त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या, आणि पुढे तिला इस्पितळाबाहेर हलवायचा घाट घातला गेला तेव्हाही त्यांनीच तो हाणून पाडला. त्यागमूर्ती म्हणून जिचा फोटो लावता, तिच्या मैत्रिणींनी काम बंद करून तिची जागा राखली.

ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात डॉक्टर तरुणीवर बलात्कार आणि तिचा खून झाल्यानंतर सर्वोच्च न्यायालयात अरुणाचं नाव पुन्हा घेतलं गेलं. पन्नास वर्षांनी. कपडे बदलायला बंद होणारं दार आणि रात्री उजेड असलेला जिना, यासाठी नातेवाइकांचं प्रबोधन करावं लागत नाही.

व्यायामाच्या उपदेशावर जास्त शब्द घालवत नाही. रोज अर्धा तास चाला, म्हणतात. कुठे? 1991 च्या विकास नियमावलीत कलम 58 होतं, गिरणीच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागांसाठी शहराला द्यायचा. 2001 मध्ये ते बदललं, आधीपासून रिकामी असलेली जमीनच काय ती वाटायची असं झालं, आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. मैदानं तिथे संपली. आता उड्डाणपुलाखालून, दुचाक्या चुकवत, चाला.

आता प्रतिपक्षाला जे देणं लागतं ते देते. गैरसमज आहेत. "अशक्तपणा आलाय, सिस्टर, एक सलाईन लावा" असं मला दर पाळीत कोणीतरी म्हणतं. पपईच्या पानांच्या रसावर लोकांचा जीव आहे. कुत्रा चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हे अजून खूप जणांना माहीत नाही आणि हे सांगितल्याने खरोखर जीव वाचतात. ते ओरडून सांगा, माझी ना नाही. पण सलाईनची सवय लोकांनी आकाशातून आणली नाही. पाचशे रुपयांत बाटली लावणाऱ्या दवाखान्यांनी ती लावली. तंबाखूचं तसंच: राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुडी मिळत नाही असा नाका मला दाखवा. कर्करोगाचं चित्र पुडीवर छापायचं, पुडी विकू द्यायची, आणि टाटाच्या फुटपाथवर बसलेल्या माणसाला जागृती नव्हती म्हणायचं!

पोलिओचं उदाहरण माझ्या तोंडावर नेहमी फेकलं जातं. जनजागृतीनेच पोलिओ गेला ना? शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला, मार्च 2014 मध्ये देश मुक्त झाला, सगळं खरं. पण तो गेला तेव्हा खांद्याला थंड पेटी लावून बाया चौथ्या मजल्यापर्यंत चढत होत्या, दारावर खडूने खूण करत होत्या, झोपलेल्या पोराला उठवून दोन थेंब घालत होत्या, आणि बंद घरांकडे संध्याकाळी पुन्हा जात होत्या. जाहिरात दूरदर्शनवर होती, थेंब त्यांच्या हातात होते. मुंबईत त्यातल्या कितीतरी आरोग्य स्वयंसेविका. ‘स्वयं’ अशासाठी की पगार द्यावा लागू नये, मानधनावर भागावं. किमान वेतनासाठी त्या वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिकांनी खाजगी कंपनीमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध काम बंद केलं, तेव्हा रुग्णांचे हाल म्हणून आमच्यावर अग्रलेख आले. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरची मुलगी रुग्णाला ओळखायला लागेपर्यंत तिचं कंत्राट संपतं, हे मात्र हाल म्हणून कुणी मोजत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा. माणसं द्यायला पैसे कुठून आणायचे? मुंबई महापालिकेचं 2025-26 चं अंदाजपत्रक 74 हजार कोटींच्या वर आहे; देशातल्या काही राज्यांच्या अंदाजपत्रकाहून मोठं. या शहराला परवडत नाही हे वाक्य निदान लालबागेत तरी बोलू नका, जिथे 2020 साली ‘लालबागच्या राजा’ची गणेशमूर्ती न बसवता मंडळाने आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादान घेतलं. मंडळाला जे सुचतं ते प्रशासनाला सुचत नसेल, असं कसं म्हणू? पण मंडळाने चालवलेलं डायलिसिस केंद्र हे महापालिकेच्या भरलेल्या पदांना पर्याय नाही, आणि कार्यकर्त्यांनीही तसा दावा कधी केलेला मी ऐकला नाही.

मागणं फार मोठं नाही. मंजूर पदं भरा, कायमस्वरूपी. प्रत्येक मेडिसिन वॉर्डाला घरी जाणाऱ्या रुग्णांसाठी एक वेगळी सिस्टर द्या, जिला दुसरं काम लावायचं नाही. सिरिंज, इनहेलर, ड्रेसिंग त्यांच्या हातून करून घ्यायचं आणि आठवड्याने फोन करायचा. वस्तीत जाणाऱ्या सेविकेला पगार द्या. दवाखाने कामगाराच्या वेळेला उघडे ठेवा. रिकाम्या पदांची यादी प्रत्येक मेट्रनच्या टेबलावर तयार आहे. ती मागवून घ्यायला समिती नेमावी लागत नाही.